टपरी ते गेट

दुसऱ्या पाळीची पोरं दुपारी तीनच्या सुमाराला चाकणजवळच्या महाळुंग्याच्या रस्त्याला लागतात. आमच्या कंपनीच्या गेटच्या अलीकडे, दोनशे पावलांवर, चहाची एक टपरी आहे. तिथे रोज एकच गोष्ट घडते. गाडी थांबते, इंजिन चालूच असतं, कोपराला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि गाडी पुढे निघते. गेटवर नियम आहे, हेल्मेट नसेल तर गाडी आत घेत नाहीत. भोसरीहून, मोशीहून, कुणी थेट आळंदीहून पंधरा-वीस किलोमीटर कंटेनरच्या चाकांना खेटून उघड्या डोक्यानं आलेला मुलगा शेवटची दोनशे पावलं हेल्मेट घालून येतो. रात्री बाराला सुटल्यावर याच्या उलट. टपरी तेव्हा बंद असते, पण तिच्यासमोर आल्यावर गाडी हळू होते आणि हेल्मेट पुन्हा कोपरावर जातं.

यंदाच्या जानेवारीत रस्ता सुरक्षा महिन्याचा कार्यक्रम कॅन्टीनमध्ये झाला. प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढल्यावर सुरक्षेवर बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे, म्हणून मीच बोलत होतो. मध्येच एक मुलगा उठला. बावीस-तेवीसचा, आयटीआय झालेला, कंत्राटी. आवाज न चढवता म्हणाला, “सर, आधी रस्ता नीट करा, मग आम्हाला हेल्मेटचं सांगा.” टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी भर घातली, “पोर्शेवाला निबंध लिहून सुटतो आणि आमची मात्र पावती फाडतात!” आणखी टाळ्या. मी “मुद्दा बरोबर आहे” म्हणालो आणि पुढची स्लाइड लावली. तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. ते आता देतो आहे, कारण हे वाक्य त्या एकट्याचं नाही. चाकणच्या तळेगाव चौकात खोळंबलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या तोंडी ते आहे, शिकलेसवरलेले लोकही तेच बोलतात. मला ते वाक्य जीवघेणं वाटतं.

त्यात खरं आहे ते आधी सांगतो, कारण ते थोडंथोडकं नाही. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, या दोन रस्त्यांवर अख्ख्या औद्योगिक पट्ट्याचा भार आहे. गाड्या वाहणारे लांबलचक ट्रेलर, स्टीलची कॉइल घेऊन निघालेले ट्रक, सुटे भाग पोचवणारे टेम्पो, कंपन्यांच्या बस आणि त्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या हजारो दुचाक्या, सगळं एकाच डांबरावर. आंबेठाण चौकात पाऊस पडला की खड्डा कुठे आणि रस्ता कुठे हे अंदाजानंच ओळखायचं. कुरुळी-चिंबळीच्या पट्ट्यात रात्री कडेला ट्रेलर उभे असतात, मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला, ७,८२७ कोटी रुपयांचा. तो व्हायलाच हवा. सदोष रस्त्याबद्दल ठेकेदाराला आणि सल्लागाराला जबाबदार धरणारं १९८-अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलं आहे. ते वापरा म्हणून आपण रस्त्यावर उतरायला हवं. त्या मुलाचा राग खोटा नाही, आणि रस्त्याच्या तक्रारीला “आधी तुम्ही शिस्त लावा” असं उत्तर देणारा अधिकारी मला भेटला तर मी त्याच्याशीही एवढ्याच जोरानं भांडेन.

माझं भांडण त्या वाक्यातल्या “आधी” आणि “मग” या दोन शब्दांशी आहे. उन्नत मार्गाला वर्षं लागतील. तोवर हा मुलगा पाळी आठवड्याला बदलत, रोज दोनदा, याच रस्त्यानं जाणार आहे. म्हणजे त्या “आधी” आणि “मग” यांच्यामध्ये त्याच्या हजारो फेऱ्या आहेत, आणि त्या सगळ्या त्यानं उघड्या डोक्यानं करायच्या ठरवल्या आहेत, सरकारला धडा शिकवायला. खड्ड्यात सरकारचं डोकं आपटत नाही. रस्ता वाईट आहे याचा अर्थ हळू चालवायचं आणि पट्टा आवळायचा, असाच निघतो. वाईट रस्ता ज्याला बेफिकिरीची मुभा वाटतो, त्यानं विचार उलटा केला आहे.

हाच मुलगा पाळीत काय करतो ते मी रोज बघतो. त्याच्या प्रेसला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही तळहात दोन्ही बटणांवर एकाच वेळी दाबल्याशिवाय वरचा डाय खाली येत नाही. म्हणजे डाय खाली येताना हात आत असूच शकत नाही. पत्रा फिक्स्चरमध्ये उलटा बसत नाही, कारण एका बाजूला पिन ठेवलेली असते. याला आम्ही पोका-योके म्हणतो. शब्द जपानी, पण चाकणमध्ये तो ऑपरेटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडात मराठी शब्दासारखा बसला आहे. चूक करायची म्हटलं तरी होऊ नये, अशी केलेली सोय. पुढच्या लाइनवर बोल्ट आवळणारा मुलगा टॉर्क रेंचचा ‘टिक’ आवाज आला नाही तर पार्ट पुढे सोडत नाही. देशभर धावणाऱ्या मोटरसायकली आणि मोटारी या पट्ट्यात तयार होतात, त्या या पोरांच्या हातून. “आजकालच्या पोरांना शिस्तच नाही” असं म्हणणाऱ्यांनी एक पाळी आमच्या शॉपमध्ये उभं राहून बघावं. शिस्त आहे, आणि उत्तम आहे. ती गेटच्या बाहेर का येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावर हुशार माणूस मला पकडेल. म्हणेल, बघा, तुम्हीच आमची बाजू मांडलीत. कारखान्यात सोय चांगली म्हणून पोरं नीट वागतात, मग रस्त्यावरही तशी सोय करा, माणसाला कशाला बोल लावता? हा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर शॉपमधूनच देतो. तशाच दोन बटणांच्या प्रेसवर मी एका लहान वर्कशॉपमध्ये एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं पाहिलं आहे. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं एकच बटण मारायचं, तासाला नग जास्त निघतात. मालकानं काणाडोळा केला, सुपरवायझरनं बघितलं नाही असं दाखवलं, आणि पट्टी लावली ऑपरेटरनं स्वतः. त्याची दोन बोटं गेली. या उद्योगात ज्यांनी आयुष्य काढलं त्या सगळ्यांना अशी बोटं माहीत आहेत. सोय कितीही चांगली असो, तिला चिकटपट्टी लावायची की नाही हे शेवटी कुणाच्या तरी हातात राहतं. मालकाचा गुन्हा मोठा होता, तो मी कमी करत नाही. पण बोटं मालकाची नव्हती.

आणि मोटरसायकलला तर पोका-योके नाहीच. डोक्यावर हेल्मेट नसताना ती एका किकमध्ये सुरू होते. तिघं बसले तरी चालते. उलट्या दिशेनं, राँग साइडनं, तितक्याच गुमान चालते. कंटेनरच्या डाव्या अंगानं, ड्रायव्हरला जिथलं काही दिसत नाही तिथून घुसायचं म्हटलं तर ती नाही म्हणत नाही. जिथे यंत्र अडवत नाही तिथे माणसानं स्वतःला अडवायचं असतं. शॉपमध्ये जे काम पिन करते, सेन्सर करतो, ते काम रस्त्यावर त्या मुलानं स्वतः करायचं आहे, दुसरं कुणी त्यासाठी नेमलेलं नाही.

थोडा हिशेब करू, आयटीआयवाल्यांना तो परका नाही. ताशी ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात तो सेकंद संपतो. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, ब्रेक लागून थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण सदतीस-अडतीस मीटर. तेच ४० च्या वेगाला वीस मीटरच्या आसपास. अंधारात कडेचा ट्रेलर तीस मीटरवर दिसला, तर चाळिसानं चालणारा थांबतो आणि साठानं चालणारा आदळतो. साठाच्या वेगानं थेट आदळणं म्हणजे १४ मीटर उंचीवरून, चार-पाच मजल्यांवरून पडण्याएवढं. आता या धोक्याची कमाई बघा. पंधरा किलोमीटरला साठानं पंधरा मिनिटं लागतात आणि चाळिसानं साडेबावीस. साडेसात मिनिटं वाचतात. तीही रस्ता मोकळा मिळाला तर. तळेगाव चौकात सगळे एकाच सिग्नलला येऊन उभे राहतात, ते साठवालेही आणि चाळीसवालेही.

“लिहिलेलं टळत नाही” असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी हे आकडे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. चांगलं हेल्मेट मृत्यूचा धोका चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि डोक्याच्या गंभीर इजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी करतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयएसआय मार्क असलेलं हेल्मेट, नीट मापाचं, पट्टा लावलेलं. रस्त्याच्या कडेला ढिगानं विकतात ते टोपडं हेल्मेट नव्हे. नशिबावर हवाला टाकणारा माणूस गाडी लावताना हँडललॉक करतो आणि वर चाकाला साखळीही घालतो. गाडी नशिबावर सोडत नाही, तर डोकं का सोडतो?

एक्सप्रेसवेचा दाखला मला हमखास दिला जातो. २०१६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १५१ बळी गेले होते. मग तिथे धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे बसवले, वेगावर नजर ठेवली, मदत वेळेत पोचेल अशी व्यवस्था केली, आणि पुढच्या काही वर्षांत बळी निम्म्याहून कमी झाले. दाखला खरा आहे, आणि रस्ता सुधारा म्हणणाऱ्यांच्या हातात यापेक्षा चांगला पुरावा नाही. फक्त दोन गोष्टी त्यात विसरल्या जातात. तिथे दुचाकीला बंदी आहे. आपल्या पट्ट्यात मरतो तो मुख्यतः दुचाकीवरचा, ज्याच्याभोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही. आणि तिथे सुधारणा झाली त्यात वेगाला आवर घालणं हा मोठा भाग होता, म्हणजे माणसाचं वागणं बदलणं. स्वीडननं १९९७ मध्ये संसदेत ठराव केला की रस्त्यावर एकही मृत्यू गृहीत धरायचा नाही आणि रस्ता बांधणाऱ्यांनाही जबाबदार धरायचं. त्या देशानंही चालकाचा वाटा माफ केला नाही. नियम पाळणं त्याच्याकडेच ठेवलं. दोन्ही बाजूंचा हिशेब एकदमच चालतो. एक चुकता झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, असं तिथे कुणी म्हटलं नाही.

एक मुलगा आमच्याच भागातल्या एका कारखान्यात शिकाऊ होता. परभणीकडचा, मेदनकरवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहायचा, गाडी हप्त्यावर घेतलेली. रात्री पाळी सुटल्यावर कडेला उभ्या ट्रेलरवर मागून गेला. ट्रेलरला दिवा नव्हता, इंडिकेटर नव्हता, मागे दगड किंवा फांदीसुद्धा ठेवलेली नव्हती. ट्रेलरवाल्याचा गुन्हा पूर्ण होता, त्यात काही कमी-जास्त नाही. दुसऱ्या दिवशी वडील आले. त्यांच्या हातात सामानाची पिशवी देताना मी तिथे होतो. मोबाइल, पाकीट, जेवणाचा डबा आणि हेल्मेट. त्यांनी बाकी कशाला हात लावला नाही. हेल्मेट बाहेर काढलं, हातात फिरवलं. पुढच्या काचेवरचं प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा अजून निघालं नव्हतं. म्हणाले, “हे तर नवंच हाय की.” बाकी काही बोलले नाहीत. ते हेल्मेट त्याच्या कोपरावर होतं.

ट्रेलरवाल्याला शिक्षा व्हावी म्हणून कोर्टात उभं राहायची माझी तयारी तेव्हाही होती, आजही आहे. पण “चूक ट्रेलरवाल्याची होती” हे वाक्य त्या बापाला सांगून बघा. दुसऱ्याची चूक सिद्ध झाली म्हणून आपलं काही वाचत नाही. दुसरे चुकणारच आहेत, म्हणून तर हेल्मेट घालायचं असतं.

आता पोर्शे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे मोटारीच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला, आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिही अशी अट घातली. मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या घरच्या मोठ्या माणसांवर गुन्हे दाखल झाले. लोक खवळले तेव्हा मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो बाहेर आला. या सगळ्याचा राग आलाच पाहिजे, मलाही आहे. मात्र कॅन्टीनमध्ये मागून ओरडणाऱ्या मित्रा, त्या रात्रीच्या दोन गाड्यांपैकी तुझी कुठली होती? तू मोटरसायकलवरचा आहेस. त्या घरानं आपल्या मुलाची जबाबदारी पैशानं झटकायचा प्रयत्न केला असा आरोप आहे, म्हणून तर आपण चिडलो. आणि त्या चिडीतून आपण मागतो काय? तो झटकतो तर मलाही झटकू द्या. श्रीमंताला मिळाली म्हणून गरिबालाही बेजबाबदारीची सवलत हवी, ही न्यायाची मागणी नाही. शिवाय तो निदान मोटारीच्या आत होता. तुझ्या डोक्याला सवलत मिळाली तरी ती डांबरावर चालत नाही.

पण ही झटकण्याची सवय पोरांनी आणली कुठून? आमच्याकडून. “पुढं पोलीस आहे, हेल्मेट घाल.” हे वाक्य या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलानं बापाच्या मागे बसून ऐकलं आहे. हेल्मेट डोक्यासाठी नसून पोलिसासाठी असतं, हे त्याला सहाव्या वर्षी शिकवलं गेलं. पोलिसाच्या जागी आता गेटवरचा सिक्युरिटीवाला आला आणि चौकाच्या जागी टपरी, एवढाच काय तो फरक. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा विरोधाला रस्त्यावर आलेले फक्त विशीतले नव्हते, डोक्यावर पुणेरी पगड्या घालून आलेली पिकली माणसंही त्यांत होती. खेड तालुक्यात जमिनीचे पैसे आले तसे दहावीतल्या पोरांच्या बुडाखाली बुलेट आल्या, पुढे थारही आल्या. बाप कौतुकानं सांगतो, “आमचा चांगली चालवतो.” त्याच बापासाठी १९९-अ कलम आहे. अल्पवयीन मुलानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. चावी देताना हे कलम त्याला कुणी वाचून दाखवत नाही. मुलाच्या हातात चावी देणाऱ्यानं पुढे “रस्ता खराब होता” म्हणू नये, एवढी तरी लाज असावी.

आम्हा कंपनीवाल्यांचा वाटाही सांगून टाकतो. कायम कामगारांना बस आहे, कंत्राटी पोरांना नाही. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात, म्हणून साडेसात मिनिटांसाठी जिवावर उदार होऊन गाडी पळते. कधी बारा तासांची पाळी करून डोळे मिटत असताना पोराला आम्ही गेटबाहेर सोडतो आणि आमच्या बोर्डावर “अपघाताविना दिवस” असा आकडा वाढत जातो, कारण बोर्ड गेटच्या आतलेच अपघात मोजतो. कंत्राटी मुलांना बस द्या, पावसात उशिराची कपात बंद करा आणि त्या बोर्डावर येण्या-जाण्यातले अपघातही लिहा, असं मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे. उत्तर यायचं आहे. ते येईपर्यंत मी माझी गाडी उघड्या डोक्यानं चालवणार नाही.

कॅन्टीनमध्ये उठलेल्या त्या मुलाला मी परवा लाइनवर गाठलं. म्हटलं, तुझा रस्त्याचा मुद्दा लिहून काढू, अर्ज करू. तो हसला, म्हणाला, “सर, खरंच करणार का?” अर्ज आता तयार आहे. कुरुळीच्या पट्ट्यातले बंद दिवे, कडेला उभे ट्रेलर, आंबेठाण चौकातले खड्डे, दुभाजकातल्या धोकादायक फटी, सगळं तारखेसह आणि फोटोंसह. एक प्रत महामार्ग प्राधिकरणाला, एक वाहतूक पोलिसांना, एक आमदारांना. पहिली सही माझी झाली आहे, खाली त्याच्या सहीसाठी जागा सोडली आहे. सोमवारी तो दुसऱ्या पाळीला आहे. कागद घेऊन मी गेटवर थांबणार नाही, भोसरीत त्याच्या खोलीखाली, तो गाडीला चावी लावतो तिथे थांबणार आहे.